आईनं आधी जेवावं म्हणून

माझ्या आईला जमिनीवरून उठता येत नव्हतं, आणि एवढ्याच कारणावरून तिचं घर बंद होणार होतं.

सरळच सांगते. आई देवगाव रंगारीला राहते. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून एकटीच. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं सिमेंटचा ओटा, मागं मोरी, आणि घरात खुर्ची नावाची वस्तू नाही. स्वयंपाक खाली बसून, जेवण खाली बसून, संडासही खाली बसायचाच. ज्याला बसल्यावर उठता येत नाही, त्यानं त्या घरात राहायचं कसं? मागच्या पावसाळ्यात तिला चिकनगुनिया झाला, सांधे धरले, तेव्हा माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तिला इकडं संभाजीनगरला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. ताप गेला, सांधेही सुटले. पण बाई बरी व्हायच्या ऐवजी वाळतच चालली. मी घरी शिवणकाम करते, तिचे ब्लाउज मीच शिवते. दिवाळीला शिवलेला ब्लाउज संक्रांतीला उसवून आत घेतला, आणि तोही पुन्हा खांद्यावरून उतरायला लागला.

दादाचं म्हणणं ठरलेलं होतं. "गावाकडं एकटी राहून खाण्यापिण्याची आबाळ केली, त्याचे हे परिणाम. आता तिकडं जायचं नाही. घर भाड्यानं देऊन टाकू."

आई म्हणाली, "मला माह्या घरी जायचंय."

"जमिनीवरून तुझी तू उठून दाखव, मी स्वतः गाडीनं नेऊन सोडतो," दादा म्हणाला. त्यानं ते हसत हसत म्हटलं होतं. तिनं मनावर घेतलं. आणि मीही घेतलं. "द्या हिला माझ्याकडं," मी म्हटलं, "मी खाऊ घालते, मी उभी करते." काय हौस होती बघा मला!

मुकुंदवाडीत आमचं घर वरच्या मजल्यावर. आम्ही दोघंच नवरा-बायको, मुलगा पुण्याला. नवरा शेंद्र्याला कंपनीत. आईला घेऊन आल्यावर आधी आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी तिला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. आई अर्धी उठली आणि धपकन खाली बसली. बाईंनी तिच्या मांड्या चाचपल्या, दंड चाचपला, आणि म्हणाल्या, "मांस झडलंय सगळं. वय झालं की झडतंच, बायकांचं तर जास्तच. पण हे परत येऊ शकतं. औषध नाही याला. डाळ, उसळ, दूध, दही, अंडं, शेंगदाणे, रोज, आणि दर जेवणात. आणि हे खुर्चीवरून उठणं-बसणं, तेही रोज. नुसतं खाऊन नाही चालणार आणि नुसतं उठून-बसूनही नाही."

मला एकदम हलकं वाटलं. डाळ, दूध, अंडं! एवढंच? म्हटलं, हे तर माझ्या हातातलं आहे.

हातातलं कसलं डोंबलाचं.

पहिल्याच दिवशी मी घट्ट वरण केलं, वर तुपाची धार, मटकीची उसळ, दही. ताट वाढून हाक मारली, "आई, चल." ती म्हणाली, "जावईबापू येऊ दे." म्हटलं, "अगं, त्यांची दुसरी पाळी आहे, त्यांना यायला मध्यरात्र होते." तर म्हणे, "मग तू बस. मी तुला वाढते." मी म्हटलं, "आपण दोघी बसू." "दोघी बसल्यावर वाढायचं कुणी?" मी हात जोडले, तरी ऐकेना. शेवटी मी जेवले, तिनं मला वाढलं, आग्रह करकरून वाढलं, माझ्या ताटात माझ्या हाताला न जुमानता वरण ओतलं, आणि स्वतः बसली तेव्हा तिच्या पानात एक पोळी, तीही चतकोर मोडून बाजूला ठेवलेली, आणि वाटीत पिवळं पाणी.

आता ही वरणाची गंमत ऐका. डाळ खाली बसते, पाणी वर येतं. दुसऱ्याला वाढायचं म्हटलं की आई पळी पार बुडापासून ढवळते आणि घट्टसर वाढते. तिच्या स्वतःच्या वाटीची वेळ आली की भांड्याला धक्का न लावता वरवरचं पळीनं काढून घेते. उरलेली डाळ तळाशी तशीच. "कुणी आलं तर असू दे." कोण येणार आहे गं माझे आई? रात्रीचं कोण येतं आमच्याकडं वरण खायला?

मी डोळ्यांत तेल घालून बसायला लागले. मी ढवळून वाढायची, ती "पुरे, पुरे" करत हात आडवा घालायची. वाढलेलं टाकायची सवय तिला नाही, म्हणून खायची, पण खाताना चेहरा असा, जसं मी तिला एरंडेल पाजतेय. आणि त्यात उपास! सोमवारी महादेवाचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा, मंगळवारी देवीचा वार म्हणून अंडं नको, शुक्रवारीही नको, आणि मधेच चतुर्थी नाहीतर एकादशी दत्त म्हणून उभी. मी एकदा वैतागून विचारलं, "आई, अंडं खायला नेमका वार कोणता ठेवलाय देवानं?" तर शांतपणे म्हणाली, "बुधवारी दे की. पण अर्धंच दे, अर्धं जावईबापूला."

उपासाला साबुदाणा. तोही किती, तर चिमणीला घालावा एवढा. आणि दाण्याचं कूट? "कमी टाक, पित्त होतं." माझं डोकं फिरायचं. मी शिलाई मशीनवर बसून पायानं पॅडल असं मारायची की धागा तुटायचा. नवरा म्हणायचा, "अगं, म्हातारं माणूस आहे, असू दे ना." असू दे कसं? ती रोज सकाळी पलंगावरून उठताना माझा खांदा धरायची, आणि तो हात दिवसेंदिवस हलका होत चालला होता. ते कळत होतं मला.

व्यायामाचं तर विचारूच नका. खुर्ची मांडून मी समोर उभी राहायची. "उठ. बस. उठ. बस." ती दोनदा उठायची आणि विचारायची, "कशापायी उठायचं?"

"पायात ताकद यायला."

"उठून जायचं कुठं पण?"

"कुठंच नाही. उठायचं आणि परत बसायचं."

"काम ना धंदा," ती म्हणायची, "लोक हसतील." आणि मग खरंच उठायची ती थेट स्वयंपाकघराकडं, भिंत धरत, माझी भांडी घासायला. मी भांडी हिसकून घ्यायची. आम्हा दोघींची मोरीपाशी अशी ओढाताण चालायची की शेजारच्यांना वाटावं, सासू-सुनेचं भांडण लागलंय.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "खाणं वाढत नाही तर प्रोटीनची पावडर देऊन बघा. दुधात घालून, सकाळ-संध्याकाळ." मेडिकलमधून डबा आणला. चॉकलेटच्या चवीचा. आणि काय आश्चर्य! आईनं कुरकूर केली नाही. "दे तो डबा माह्यापाशी, मी घेत जाईन," म्हणाली. मला वाटलं, चला, एकदाची ताळ्यावर आली. डबा भराभर उतरायला लागला. मी खूश. दुसरा डबा आणला. तोही उतरायला लागला. मी दादाला फोन करून फुशारकी मारली, "तुला वाटलं होतं, जमणार नाही. बघ, डबेच्या डबे संपवतेय." त्याचा पार खोटा पडलेला चेहरा मला फोनवरसुद्धा दिसत होता.

फक्त एक गोष्ट कळत नव्हती. एवढं घेऊनही दंड तसाच, मांड्या तशाच, आणि खुर्चीवरून उठताना तीच धपकन.

आमच्या जिन्यासमोर एक कुटुंब राहतं. घरात सून, मुलगा, नातू, आणि आईच्याच वयाच्या त्याच्या आजी, त्यांना सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. आई आल्यापासून दोघींची गट्टी जमली होती. दुपारी मी ब्लाउजची मापं घ्यायला कुणाकडं गेले की खाला इकडं येऊन बसायच्या. आई मराठीत बोलायची, त्या त्यांच्या हिंदीत, आणि दोघींचं छान चालायचं. एके दिवशी जिन्यात त्या मला भेटल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "भाभी, क्या बोलूँ, तुमारी अम्मा के हात का वो चाकलेट का दूध! मेरा पोता तो दूसरा दूध पीनाच नक्को बोलता."

मी जिन्यातच उभी राहिले. "कोणतं चॉकलेटचं दूध, खाला?"

"अरे वोइच, डब्बेवाला. रोज पिलाती ना. कल वो गॅसवाला आया था, उसकू भी दी."

गॅसवाल्याला! वर आले तर आई खिडकीत बसून लसूण सोलत होती. मी डबा काढला, तिच्यासमोर आपटला. "आई, हे तू कुणाकुणाला पाजलंस?"

ती जराही गडबडली नाही. "घरी आलेल्या माणसाला नुसता चहा द्यायचा का? एवढी भारी वस्तू घरात असताना?"

"ती वस्तू तुझ्यासाठी आहे! औषध आहे ते! तू किती प्यालीस?"

"चव बघितली की."

"चव! एकदा?"

"व्हय. गोड आहे लई. पोरांना आवडंल अशीच आहे."

मग माझा तोल गेला तो गेलाच. मी काय काय बोलले ते सगळं आठवतही नाही. तुझ्यापायी माझा जीव टांगणीला लागलाय, मी शिलाईची कामं परत करतेय, आणि तू गॅसवाल्याच्या पोटात ताकद भरतेस? तुला तुझ्या घरी जायचंय की नाही? की इथंच वाळून मरायचंय? शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि आई सोललेल्या लसणाच्या पाकळ्या एकेक करून वाटीत ठेवत राहिली.

वाटी भरल्यावर म्हणाली, "लेकीच्या घरी किती खावं माणसानं? माह्या आईनं माह्या घरचं पाणीसुद्धा पिलं नव्हतं दादा होईपर्यंत. नंतर पिली, पण कधी पोटभर जेवली नाही. मी तर इथं राहतेय, खातेय."

"खातेस कुठं! खा ना मग! माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्या नवऱ्याला तू खाल्लेल्या पोळ्यांशी काही देणंघेणं नाही. विचार त्यांना!"

"त्यांना कसं विचारू?" आई खरोखर घाबरली. "तूही बोलू नको हां काही."

कपाळाला हात लावून बसले मी. रडूही येत होतं आणि हसूही, पण जास्त रागच येत होता. कुणावर, ते कळत नव्हतं. आजीवर? ती तर कधीच गेली. तिला मी नीट पाहिलेलंही नाही.

त्या दिवसापासून मी सगळ्या घराची वेळ बदलली. नवऱ्याचा डबा दुपारीच भरून द्यायचा आणि आईला सांगायचं, त्यांचं रात्रीचं जेवण कंपनीत झालं. माझं ताट मी तिच्यासमोर दिवेलागणीला आटपायची, भूक असो नसो. भांडं पार मोकळं करून तिच्या वाटीत ओतायचं, म्हणजे "कुणी आलं तर" हा प्रश्नच नाही. पावडरचं दूध मी समोर उभं राहून पाजायची. खालांना मी आधीच सांगून ठेवलं, अम्मांच्या हातून काही घ्यायचं नाही. त्या बिचाऱ्या ओशाळल्या, नातवाचा कान धरून घरी घेऊन गेल्या. आणि उठ-बससाठी मी शिलाईचं काम कामाला लावलं. खुर्चीत आईला बसवायचं, कापडाचे तुकडे समोरच्या टेबलावर ठेवायचे, आणि एकेक तुकडा मागायचा. "तो निळा दे. आता अस्तर दे. आता बुटाचा डबा दे, त्यात हुक आहेत." ती उठून द्यायची, बसायची. काम आहे म्हटल्यावर तिनं एकदाही "कशापायी" विचारलं नाही. मधे मीच दमायची मागून मागून.

हळूहळू फरक पडला. खोटं कशाला बोलू, थोडाच पडला. पण पडला. होळी झाली तोवर खुर्चीवरून ती हात न टेकता उठायला लागली. जमिनीवरून मात्र नाही. जमिनीवर बसली की अर्ध्यात गुडघे थरथरायचे आणि ती पलंगाचा पाय धरायची. आणि खाण्याचं म्हणाल तर माझी नजर हटली की तिची पोळी चतकोर मोडलेली. चोवीस तास पहारा कोण देणार? मी थकले होते. मला माझ्याच आईला रागावून रागावून जेवू घालायचा वीट आला होता, आणि ते बोलायचीही सोय नव्हती.

अशात दादा आला. रविवारी, वहिनीला न घेता, एकटाच. आल्या आल्या सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "एक भाडेकरू मिळालाय. शाळेत मास्तर आहे, माणूस चांगला. घर दाखवून आलो त्याला."

आई दारात उभी होती.

मी म्हटलं, "दादा, तू शब्द दिला होतास."

"दिला होता ना. मग उठून दाखवू दे." तो आईकडं वळला. "आई, बस खाली. उठून दाखव. पलंग नाही, भिंत नाही."

मला त्याचा एवढा राग आला! आयुष्यात ज्यानं पाण्याचा तांब्या स्वतः उचलून घेतला नाही तो सोफ्यावर रेलून म्हातारीची परीक्षा घेतोय. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई खोलीच्या मधोमध गेली आणि खाली बसली. मांडी घातली. पदर खोचला. एक गुडघा जमिनीला टेकला, दुसरा उभा केला, उठायला लागली, आणि अर्ध्यातून परत बसली.

"राहू दे आई," दादा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज मऊ होता. "राहू दे. लागेल तुला."

"थांब," आई म्हणाली.

पुन्हा उठली. पुन्हा बसली. तिच्या कपाळावर घाम आला. दादा सोफ्यावरून उठून हात द्यायला पुढं झाला आणि मी ओरडले, "हात लावू नकोस तिला!" तो जागच्या जागी थांबला. आईनं दोन्ही तळवे उभ्या गुडघ्यावर ठेवले, दात आवळले, आणि असा आवाज काढला, जसं जातं उचलतेय. मांडी थरथरली, पोटरी थरथरली, आणि बाई उभी राहिली. पार उभी. डोलत होती, पण कशालाच धरलं नव्हतं.

"मास्तरला दुसरं घर बघायला सांग," ती म्हणाली.

दादा खाली मान घालून हसला. "बरं बाई. महिनाभर बघू." पण मला हसू येईना. एवढी जिद्द आहे ना हिच्यात! मग वाटीभर डाळ का खाता येत नाही हिला? का मला एवढे महिने जिवाचं रान करायला लावलं? गावाकडं गेल्यावर हिच्यामागं ढवळून वाढायला कोण बसणार आहे? महिन्याभरात परत वाळेल, परत पडेल, आणि मग तो मास्तर नाही तर दुसरा कुणी. मला दिसतच होतं सगळं.

म्हणून मी ठरवलं की तिला सोडायला मीच जायचं आणि तिच्यासोबत राहायचं. आठ दिवस, पंधरा दिवस, जमेल तेवढं. तिच्या घरी तिच्या ताटावर पहारा देऊन सवय लावायची आणि मगच परतायचं. दादानं शब्दाप्रमाणे गाडीनं सोडलं, ओट्यावर उभ्या उभ्या चहा पिला आणि तो निघून गेला. मी पदर खोचून घर झाडलं, डाळीचे, मटकीचे, शेंगदाण्यांचे डबे भरले, अंडी आणून ठेवली. आई चुलीपाशी बसली. एकदा परात घ्यायला उठली, एकदा तवा घ्यायला उठली. हात टेकून उठली, पण उठली.

पीठ मळता मळता तिनं विचारलं, "तुही एसटी किती वाजता आहे?"

"मी जात नाही आज. राहते पंधरा दिवस."

तिचा हात थांबला. चेहरा असा पडला की मला चटकाच बसला. "पंधरा दिवस?"

"का? नकोय का मी?"

"नको कशी असशील," ती म्हणाली. मग पीठ मळत बसली. मळून झालं तरी मळत होती.

"काय झालंय ते सरळ सांग आई. मला आता कोडी सोडवायचं त्राण नाही."

"सांगितल्यावर हसशील."

"नाही हसत."

"दादाला सांगशील."

"नाही सांगत. बोल."

ती चुलीकडं बघत बोलली. "तुहे अण्णा गेले, दिवस झाले, सगळे पाव्हणे गेले, तुम्हीबी गेलात. मग संध्याकाळी मी एकटीपुरती भाकर टाकली. तव्यावरची काढली, आणि ती द्यायला घरात दुसरं कुणीच नव्हतं. मग मीच खाल्ली. गरम. फुगलेली. पापुद्र्यातून वाफ येत होती. माह्या जन्मात मी तव्यावरची पहिली भाकर कधी खाल्ली नव्हती गं. आधी बाप, भाऊ, मग सासरा, दीर, मालक, मग तुम्ही पोरं. मला कायम शेवटची, गार झालेली. खाता खाता मला लई रडू आलं. तेवढ्यात शेजारची आली, म्हणाली, मालकाची आठवण येतेय का. मी व्हय म्हणलं. काय सांगणार?"

मी चुलीतली लाकडं उगीच पुढं सारली.

"तेव्हापासून मी रोज दोन भाकरी खायचे. घट्ट पिठलं, डाळ, कधी अंडं. कुणी बघायला नाही, कुणासाठी ठेवायचं नाही. अंगावर मांस आलं होतं माह्या. तुम्ही म्हणता, गावाकडं आबाळ झाली. मला सांगायची लाज वाटली. नवरा गेला आणि बाई चांगली खायला लागली, असं कुणाला सांगतं का माणूस? तुमच्या घरात मला सगळं मिळालं. पण घरात दुसरं माणूस असलं की माह्या घशाखाली आधी घास उतरतच नाही. दादाच्या घरी उतरला नाही, तुह्या घरी उतरला नाही. आता तू इथं बसलीस तर इथंबी नाही उतरायचा."

"म्हणजे मी जाऊ?"

परातीतल्या पिठाचा गोळा तिनं हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

मला इतका संताप आला, इतका संताप आला, की तो कुठं टाकावा कळेना. एवढे महिने मी ढवळून वाढलेलं वरण, ते डबे, तो पहारा, ती भांडणं! आणि माझ्या आईनं पोटभर जेवायला काय हवं होतं, तर मी तिथं नसायला हवं होतं. मी पिशवी उचलली. "थांब, तुला एक टाकून देते, खाऊन जा," ती घाईघाईनं म्हणाली आणि तिनं हात गुडघ्यावर ठेवला, उठायला.

"बस खाली!" मी ओरडले. "मला काही नको. माझी एसटी येईलच आता. तू टाक, आणि तूच खा. पहिली."

बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. एसटीला अजून वेळ होता. सकाळपासून माझ्या पोटात कपभर चहाशिवाय काही नव्हतं आणि भुकेनं डोकं ठणकत होतं. ओट्यावर बसून राहिले. आत भाकरी थापल्याचा आवाज आला, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. ज्वारीचा खरपूस वास दाराच्या फटीतून बाहेर आला. मला रडू आवरेना.

"आई," मी दाराबाहेरूनच विचारलं, "जेवलीस का?"

"थांब गं," ती भरल्या तोंडानं म्हणाली, "दुसरी टाकलीय."

मी दारात असताना तिनं मला "तू जेवलीस का" असं विचारलं नाही, असं माझ्या जन्मात त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.